जाळीपलीकडची शेवंती

मी आयुष्यात एकदाही गोल्फ खेळलेलो नाही. ती काठी पहिल्यांदा हातात धरली ती वयाच्या बावन्नाव्या वर्षी, खंडाळ्याजवळच्या एका माळावर, आणि तीही चेंडू किती उंच जातो एवढंच बघायला. पहिले सात फटके हवेत गेले. आठव्याला काठी चेंडूला लागली आणि तो चार हात घरंगळून एका दगडापाशी थांबला. शेजारच्या बांधावर एक म्हातारा माणूस केव्हाचा उकिडवा बसून हा तमाशा बघत होता. तो म्हणाला, "साहेब, एवढ्यासाठी जाळी कशाला पायजे? गुडघाभर बांध घातला तरी बास हाय."

मला आधी राग आला आणि मग हसू आलं. माझा स्वभावच तसा आहे, राग आधी येतो. त्या दिवशी ओळख झाली ती अशी.

खंडाळा म्हणजे आमचा साताऱ्याचा. पुण्याहून येताना नीरा नदी ओलांडली की लागतो तो, सिनेमातला नव्हे. माझं ऑफिस सांगलीत, घर माधवनगरला, आणि धंदा शेडचा. हळदीची गोदामं, बेदाण्याची शेड, द्राक्षबागेवर पाखरांसाठी टाकायच्या जाळ्या, तीस वर्षं हेच करत आलो. तासगावच्या एका बागेवरची माझी जाळी बघून पुण्याच्या एका गृहस्थांनी फोन केला. त्यांचा खंडाळ्याजवळ हमरस्त्याला लागून माळ होता आणि त्यांना तिथे गोल्फच्या सरावाची जागा करायची होती. खेळाचं मैदान नाही, नुसता सराव. छताखाली एका ओळीत चोवीस खण. प्रत्येक खणात एकेक माणूस उभा राहणार आणि समोरच्या मोकळ्या माळावर चेंडूमागून चेंडू मारत सुटणार. चेंडू आणायला जायचं नाही. शेवटी एक गाडी फिरून ते गोळा करते. मी हे घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "म्हणजे नुसतंच फेकायचं? आणि त्याला पुण्याहून यायचं?"

तिचं खरं होतं, पण मला ते काम हवं होतं. गोदामं बांधून मी कंटाळलो होतो. गोदाम बघायला कुणी येत नाही. इथे माझ्या हातचे उंच खांब हमरस्त्यावरून दिसणार होते, गाड्या थांबवून लोक विचारणार होते की हे काय आहे. बावन्नाव्या वर्षी माणसाला अशी हौस येते आणि ती फार वाईट असते.

पाखरांना अडवणारी जाळी मला येत होती. चेंडू अडवणारी शिकलो. चांगल्या खेळाडूची भीती नसते, त्याचा चेंडू सरळ जातो. भीती नवशिक्याची. त्याचा चेंडू कुठे जाईल हे त्यालाही माहीत नसतं, म्हणून जाळी नवशिक्याच्या हिशेबाने बांधायची असते. डावीकडे हमरस्ता होता, तिथे खांब सगळ्यांत उंच धरले. मग वाऱ्याचा विचार. जाळीतून वारा आरपार जातो असं लोकांना वाटतं. पण खंबाटकीच्या घाटाकडून सुटलेला वारा, भिजलेली जाळी आणि तिच्यात अडकलेलं उसाचं पाचट असं तिन्ही एकत्र आलं की ती जाळी राहत नाही, भिंत होते, आणि खांब मुळातून उपटू पाहते. मी त्या सगळ्याचा हिशेब केला. दोन महिने दुसरं काही केलं नाही. जाळीच्या बाबतीत माझ्या कामात आजही कुणी खोट काढून दाखवावी.

बांधावरच्या त्या माणसाला गाव सुभेदार म्हणत असे. फौजेतून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते; पुढची बढती गावाने दिली होती. माळाच्या टोकाला, म्हणजे खणांच्या बरोबर समोर, त्यांचं रान होतं. थोडी ज्वारी, थोडा कांदा, आणि आमच्या बांधाला लागून अर्धा एकर पिवळी शेवंती. टोकाच्या खांबांना मागून ताणाच्या तारा द्याव्या लागणार होत्या आणि त्या त्यांच्या हद्दीत रोवल्याशिवाय जमत नव्हतं. मालक म्हणाले, वकिलाकडून कागद करू. सुभेदारांनी कागद हातात घेतला नाही. म्हणाले, "बांध दोगांचाबी हाय. रोवा की. फकस्त माज्या पाच सऱ्या तुडवू नका."

त्या पाच सऱ्या देवीच्या. गावात दसऱ्याला शिलंगणाला देवीची पालखी निघते आणि ती शेवंतीने झाकून न्यायची असते. ती शेवंती सुभेदारांच्या घरची, पाच पाट्या भरून. हा त्यांच्या घराचा मान. गावात प्रत्येक घराला काही ना काही मान असतो. कुणाकडे निशाणाची काठी, कुणाकडे तेल, कुणाकडे नुसता पहिला नारळ. पण माणसं त्यासाठी जीव टाकतात. फूल स्वतःच्या रानातलंच लागतं, बाजारातलं चालत नाही. आणि एक वर्ष चुकलं की मान भावकीतल्या दुसऱ्या घराकडे जातो. सुभेदार सीमेवर असताना त्यांच्या बायकोने एकटीने तो सांभाळला होता. एका वर्षी विहीर आटली तर हंड्याने पाणी घालून तिने पाच सऱ्या जगवल्या. सुभेदार हे सांगत असताना काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आवं, लोकांस्नी काय सांगत बसलाय." पण थांबून सगळं ऐकून गेल्या.

मी तिथे आठवड्यातून दोनदा जायचो आणि दर खेपेला त्यांच्याकडे चहा व्हायचा. सुभेदार माझ्या खांबांची मोजदाद ठेवायचे. माणसांनी खड्डा उथळ घेतला की मला फोन करायचे, "साहेब, चार नंबरच्या खड्ड्यात गडबड हाय, येऊन चेक करा." मी गमतीने त्यांना माझा सुपरवायझर म्हणायचो. ते खरोखर तसं वागत होते, आणि मला ते आवडत होतं.

मग दिव्यांचं काम निघालं. लोक ऑफिस सुटल्यावर येणार, तेव्हा रात्री दहापर्यंत उजेड हवा. दिवे खणांच्या छतावर बसवायचे आणि उजेड पुढे फेकायचा, म्हणजे मारलेला चेंडू पार खाली पडेपर्यंत पांढरा दिसत राहतो. कुठे किती उजेड पडेल याचा नकाशा मी काढला. फार सुंदर नकाशा होता तो. एकात एक वर्तुळं, रंगीत, हद्दीपर्यंत. हद्दीपलीकडे मी कागद कोरा ठेवला होता आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'शेती'.

तो नकाशा मालकांना जागेवर दाखवत होतो तेव्हा सुभेदार तारांपाशी उभे होते. त्यांनी विचारलं, "साहेब, ह्यो उजेड जाळीत थांबतू व्हय?"

"चेंडू थांबेल, सुभेदार. उजेड कसा थांबेल?" मी म्हणालो. मालक हसले.

"मंग माज्या शेवंतीवर पडंल की. फुलाला रातच्याला अंधार लागतू. त्याबिगर ते कळीला येत न्हाई, म्हणत्यात."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. उद्घाटन श्रावणात ठरलं होतं, दिव्यांची मागणी गेली होती, छताचा सांगाडा उभा होता. मी म्हणालो, "काही होत नाही हो. उलट फुकटची राखण होईल तुमच्या रानाची."

मालक पुन्हा हसले. सुभेदारही थोडं हसले. "तुमी म्हंताय तर आसंल," म्हणाले आणि तारांच्या खालून वाकून आपल्या रानात निघून गेले. त्या संध्याकाळी मी खुशीत माधवनगरला परतलो. मालकांनी नकाशाची तारीफ केली होती.

श्रावणात जागा सुरू झाली. दिवे त्याच्याही आधीपासून चाचणीसाठी रोज लागत होते. पहिल्या रविवारी पुण्याच्या गाड्यांची रांग हमरस्त्यापर्यंत आली. पांढरे चेंडू उजेडात चढत होते, क्षणभर थांबल्यासारखे दिसत होते आणि जाळीत पडत होते. एकही बाहेर गेला नाही. मी तिथे उभा राहून एखाद्या नवऱ्या मुलाच्या बापासारखा सगळ्यांचे हात हातात घेत होतो. सुभेदारांना बोलावणं होतं. ते धुतलेली टोपी घालून आले, शेवटच्या खुर्चीवर बसले, पेढा खाल्ला आणि लवकर गेले.

गणपतीत त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. शेवंतीची झाडं, चांगली कमरेला येतील एवढी, हिरवीगार. खाली काही लिहिलेलं नव्हतं. त्यांना मराठी टंकता येत नसे, फोटो पाठवला की तोच निरोप. माझ्या घरी पाहुणे होते, आरतीची घाई होती. मी फोटो पाहिला, झाडं तरारलेली दिसली, आणि उत्तरादाखल एक अंगठा पाठवून दिला. छान आहे, असा.

त्या अंगठ्याची मला आजही लाज वाटते. पुढे आमच्या ओळखीच्या एका शेतकी पदवीधराने सांगितलं की गणपतीत दिवे बंद झाले असते तर दसऱ्यापर्यंत निदान मागास फुलं तरी हाती आली असती. पाच पाट्या नक्की झाल्या असत्या. जाणत्या माणसाने कमरेएवढ्या शेवंतीत कळी शोधली असती. मी झाड बघितलं, कळी बघितली नाही.

घटस्थापनेच्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता. "साहेब, सवड काढून एकदा येऊन जावा." मी म्हणालो, येतो. आणि चार दिवसांनी गेलो, कारण मिरजेला एका गोदामाचा स्लॅब होता. स्लॅब काय, माझ्याशिवायही पडला असता.

रानात गेल्यावर ते पुढे चालत राहिले आणि मी मागे. शेवंती छातीला लागत होती. एवढी उंच शेवंती मी कधी पाहिली नव्हती. नुसता पाला. अर्धा एकर रानात पिवळा ठिपका नाही. मग बांधाच्या एका कोपऱ्यात, त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या मागे, अचानक फुलं दिसली. चांगली टपोरी, पिवळी जर्द. ती एका त्रिकोणात उमलली होती. खोलीच्या भिंतीपाशी रुंद आणि पुढे निमुळती होत गेलेली, आणि त्या त्रिकोणाची कड सुरीने कापल्यासारखी सरळ होती. मी वळून पाहिलं. त्या कडेच्या रेषेत, जाळीपलीकडे, छतावर माझा शेवटून तिसरा दिवा होता. खोलीची सावली पडली होती तेवढ्यात फूल आलं होतं. नकाशात मी कोरी ठेवलेली जागा शेवंतीने भरून दाखवली होती.

देवीच्या पाच सऱ्या त्या सावलीत नव्हत्या.

मला तेव्हा माझा मामा आठवला. मिरज तालुक्यात त्याचं रान होतं, रस्त्याच्या कडेला, आणि ग्रामपंचायतीने तिथे नवा खांब बसवून दिवा लावला होता. त्या दिव्याखालचं सोयाबीन वाळायलाच तयार नव्हतं. बाकीचं रान काढणीला आलं तरी दिव्याभोवती एक हिरवं कडं तसंच उभं. मामा लांब बांबू घेऊन दिव्याला खताचं पोतं बांधायचा, पंचायतीचा माणूस येऊन काढायचा, मामा पुन्हा बांधायचा. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. मी त्याला म्हणालो होतो, "मामा, दिव्याने कुठे पीक हिरवं राहतं का?" त्याने मला बखोटीला धरून त्या कड्यात नेलं, शेंगा फोडून दाखवल्या. आत दाणाच नव्हता. तेव्हापासून मला हे माहीत होतं. रानात उभा राहून मी ही गोष्ट सुभेदारांना सांगितली, आणि पुढे मालकांना, बायकोला, सगळ्यांना हेच सांगितलं की शेवंती पाहिली तेव्हा मला मामा आठवला.

मालकांना मी त्याच दिवशी फोन केला. माणूस वाईट नव्हता. समोरचे दिवे त्यांनी लगेच बंद करायला सांगितले, आणि म्हणाले, जी काय भरपाई होईल ती देऊन टाकू. सुभेदारांना मी ते सांगितलं. ते म्हणाले, "फुलांची द्याल. मानाची कशी देनार?" रागाने नाही, खरंच विचारल्यासारखं. दसरा पाच दिवसांवर होता. बैल गेला नि झोपा केला, तशी आमची गत.

दसऱ्याला मी तिथेच होतो. खरं तर माझं काही काम नव्हतं, पण घरी बसवेना. घरचं सोनं वाटायचं सोडून मी पहाटे निघालो, नऊला पोचलो. सुभेदारांनी त्रिकोणातली सगळी फुलं तोडली होती. ती अर्धी पाटी झाली. काकूंनी तिच्यावर ओलं फडकं टाकलं होतं. सुभेदार पांढरे कपडे करून तयार होते. मला म्हणाले, "चला, साहेब, आलाय तर."

आम्ही गेलो ते त्यांच्या चुलतभावाच्या घरी. या दोन घरांत बोलणं नव्हतं. बांधाचं काही जुनं भांडण होतं, दोघांच्या बापांच्या वेळचं. चुलतभावाच्या ओट्यावर शेवंतीच्या पाट्या भरून ठेवलेल्या होत्या. त्याच्या रानात माझा उजेड पोचत नव्हता. सुभेदार ओट्याखाली उभे राहिले, हातातली अर्धी पाटी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले. वीस-बावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, पाठ ताठ, आणि हात जोडलेले.

"औंदा पालखी तू झाक," ते म्हणाले. "माज्याकडं फूल न्हाई. देवी उघडी जाया नको."

चुलतभाऊ खाली उतरला. त्याला वाटलं असेल की आपण जिंकलो. निदान मला तरी तशी भीती होती. पण त्याने आधी त्यांचे हात धरून खाली केले. "दादा, तुमी कशापायी आला? सांगावा धाडायचा," तो म्हणाला. मग पाटीवरचं फडकं उचलून बघितलं. "ही तुमची वर घालू. समद्यात वर."

"नगं," सुभेदार म्हणाले. "खाली घाल. अर्ध्या पाटीला मान म्हणत न्हाईत. दिसाया नको."

पालखी निघाली तेव्हा गुरवाने प्रथेप्रमाणे फुलांच्या घराचं नाव पुकारलं. ते चुलतभावाच्या घराचं होतं. गर्दीत काही माना आमच्याकडे वळल्या. सुभेदार सरळ समोर बघत उभे होते. काकू आपल्या घराच्या दारात होत्या. नाव ऐकल्यावर त्या आत गेल्या आणि मी असेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. मला कुणी काही बोललं नाही. गावाला माहीतही नव्हतं की मी कोण. मालकाचा कुणीतरी माणूस, एवढंच.

दिवाळीनंतर मी सगळे समोरचे दिवे पुन्हा खोलले. त्यांना पत्र्याची झापडं केली, टांग्याच्या घोड्याला असतात तशी. तोंडं खाली वळवली, आणि शेवंती कळीला येते त्या दोन महिन्यांत टोकाकडे रोखलेले दिवे सात वाजता आपोआप विझतील अशी सोय केली. चेंडू आता टोकाला जाऊन थोडा अंधुक होतो. एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही. सुरुवातीलाच हे केलं असतं तर चार दिवसांचं काम होतं. चार दिवस, आणि मालकांचं एक नाराज तोंड.

पुढच्या वर्षी शेवंती नेहमीसारखी फुलली. मान परत आला नाही. चुलतभावाने मोठ्या मनाने विचारलं होतं, पण त्याच्या पोरांनी आणि गावातल्या चार जुन्या माणसांनी सांगितलं, गेला तो गेला, आज एकाला परत दिला तर उद्या सगळेच मागतील. सुभेदारांनी वाद घातला नाही. ते फौजेतले, हुकूम झाला की झाला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गेलो होतो. अर्ध्या एकरातली फुलं बाजारात गेली होती. बांधालगतच्या पाच सऱ्या तेवढ्या भरलेल्या उभ्या होत्या, काहींच्या पाकळ्यांना कडेने तपकिरी रंग चढला होता. मी विचारलं, या का नाही तोडल्या?

"त्या बाजाराच्या न्हाईत," सुभेदार म्हणाले.

"मग?"

"मग काय. हायत."

आम्ही बांधावर बसलो, पहिल्या दिवशी ते जिथे उकिडवे बसले होते तिथेच. जाळीपलीकडे दिवसाउजेडी कुणीतरी नवशिका चेंडू मारत होता आणि प्रत्येक चेंडू डावीकडे जात होता. मला ते सांगायचंच होतं. वर्षभर पोटात होतं, आणि त्या पाच सऱ्या बघून आता राहवेना.

"सुभेदार," मी म्हणालो, "मी तुम्हाला खोटं सांगितलं. मामाची गोष्ट मला शेवंती बघून आठवली नाही. तुम्ही तारांपाशी उभं राहून विचारलंत ना, अंधार लागतो म्हणून, तेव्हाच आठवली होती. पोतं, सोयाबीन, सगळं. मालक समोर होते. उद्घाटन ठरलं होतं. म्हणून मी म्हणालो, काही होत नाही."

हे लिहितानाही वर मी तीच थाप पुन्हा मारली, वाचणाऱ्यांनी माफ करावं. इतक्यांदा सांगितली आहे की आता हात आपोआप तसंच लिहितो.

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते जाळीत पडलेल्या चेंडूंकडे बघत होते.

"ठाव हाय मला," ते म्हणाले.

"काय?"

"तवाच कळलं हुतं. तुमी बोलताना माज्याकडं बघितलं न्हाई. नकाशाकडं बघून बोललासा. तवाच म्हनलं, ह्यास्नी म्हाईत हाय."

"मग तेव्हाच का नाही बोललात? मालकांसमोर मला गप्प करायला हवं होतंत."

"चार मानसात कशाला?" ते म्हणाले. "जानतं मानूस हाय, म्हनलं. मालकाम्होरं न्हाई बोलता यायचं. पर ध्यानात आलंय न्हवं. घरी ग्येलं की करंल काय तरी."

मी त्या दिवशी घरी गेलो होतो. पोटभर जेवलो होतो आणि शांत झोपलो होतो.